कार्ड घराचं की धंद्याचं?

नमस्कार मंडळी. विषय तुम्हीच दिलात: वर्षाला ७९५ डॉलर फी मोजायचीच असेल, तर चेस बँकेचं नेहमीचं सफायर रिझर्व्ह कार्ड घ्यावं की त्याचं धंद्याचं भावंड, सफायर रिझर्व्ह फॉर बिझनेस? जून २०२५ मध्ये जुन्या कार्डाची फी ५५० वरून ७९५ झाली आणि त्याच वेळी धंद्याचं कार्डही बाजारात आलं. फी तेवढीच, नाव जवळपास तेच, त्यामुळे घोळ होणारच. इथे न्यू जर्सीत आयटी कन्सल्टिंग करणारे आहेत, केटरिंगवाले आहेत, नृत्याचे वर्ग चालवणाऱ्या ताई आहेत, घरं विकणारे एजंट आहेत. पॉइंट म्हणजे कार्डानं खर्च केल्यावर जमणारं बक्षीस, लाउंज म्हणजे विमानतळावरची बसायची खास जागा, हे तुम्हाला सांगायला नको.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बँकेचं माहितीपत्रक नंतर वाचा, आधी गेल्या बारा महिन्यांची स्वतःची स्टेटमेंटं काढा. पैसा कुठे जातो हे त्यात लिहिलेलं असतं आणि कार्ड त्यावरूनच ठरतं. पण आपण करतो उलटं. पत्रकातल्या सवलतींची बेरीज करतो आणि म्हणतो, ‘७९५ भरून १४०० मिळतात, मग घ्यायलाच हवं!’

ती बेरीज कशी होते ते बघा. घरच्या कार्डावर प्रवासाचे ३०० डॉलर, ‘द एडिट’ या यादीतल्या हॉटेलांचे ५००, ओपनटेबल या टेबल राखायच्या साइटवरच्या ठरावीक रेस्टॉरंटांचे ३०० आणि स्टबहबवरच्या तिकिटांचे ३००. झाले १४००. धंद्याच्या कार्डावर प्रवासाचे तेच ३००, हॉटेलांचे तेच ५००, शिवाय झिपरिक्रूटरवर माणसं शोधायला ४००, गूगल वर्कस्पेस या कामाच्या ईमेल सेवेचे २०० आणि गिफ्टकार्ड्स डॉट कॉमचे १००. झाले १५००. कागदावर धंद्याचं कार्ड शंभर डॉलरनं पुढे. ही तुलना मला अजिबात मान्य नाही.

यातले खरोखर रोख म्हणावेत असे फक्त प्रवासाचे ३०० डॉलर. विमान, ट्रेन, टोल, पार्किंग, काहीही चालतं, रक्कम आपोआप वळती होते. बाकी सगळ्यांना अटी आहेत. हॉटेलांचे ५०० एकदम मिळत नाहीत. अडीचशेचे दोन तुकडे आहेत, प्रत्येक वेळी किमान दोन रात्रींचा मुक्काम हवा आणि पैसे चेसच्याच प्रवासी पोर्टलवर आगाऊ भरायला हवेत. रेस्टॉरंटचे ३०० म्हणजे जानेवारी ते जून १५० आणि जुलै ते डिसेंबर १५०. पहिल्या सहामाहीचे वापरले नाहीत तर ते गेले, पुढे ढकलता येत नाहीत. यादी ठरावीक शहरांतल्या ठरावीक रेस्टॉरंटांची आहे, तेव्हा आपल्या ओक ट्री रोडवरच्या देशी हॉटेलातल्या थाळीला हे पैसे लागू होतील अशा भरवशावर राहू नका. स्टबहबचंही तसंच, दीडशेचे दोन हप्ते. तुम्ही बास्केटबॉलचे सामने बघायला जात असाल तर उत्तम. मंडळात येणाऱ्या नाटकाची तिकिटं मंडळच विकतं, त्याला स्टबहबचा उपयोग नाही.

धंद्याच्या बाजूलाही हीच गत. झिपरिक्रूटरचे ४०० डॉलर, सहा महिन्यांना दोनशे, केटरिंगवाल्यांना सोन्यासारखे आहेत, कारण त्यांना दर हंगामात माणसं लागतात. एकट्यानं कन्सल्टिंग करणाऱ्याला त्याची किंमत शून्य. वर्कस्पेसचे २०० मात्र बऱ्याच जणांच्या कामाचे आहेत, एका मेलबॉक्सचा वर्षाचा खर्च त्यात निघतो. तिथे चूक एकच होते: वर्कस्पेस डोमेन विकणाऱ्या कंपनीमार्फत घेतलेलं असतं आणि बिल त्या कंपनीच्या नावानं येतं. बिल थेट गूगलचं हवं. कार्ड घ्यायच्या आधी जुनं बिल उघडून बघा, वरती नाव कोणाचं आहे ते.

म्हणून प्रत्येक सवलतीपुढे आपल्या हातानं आकडा लिहा. हे कार्ड नसतं तरी या सहामाहीत मी ही वस्तू रोख पैसे देऊन घेतलीच असती का? हो असेल तर पूर्ण रक्कम, कधीमधी असेल तर निम्मी, नाही असेल तर शून्य. बऱ्याच घरांत १४०० ची बेरीज सहाशे-सातशेवर येते. मग ७९५ भरणं परवडतं की नाही, हे उजेडात येतं.

आता भारताची तिकिटं, कारण आपला सगळ्यात मोठा प्रवासखर्च तोच. दोन्ही कार्डांवर विमान कंपनीकडून थेट तिकीट काढलं तर डॉलरला ४ पॉइंट मिळतात. पूर्वी घरच्या कार्डावर कुठल्याही प्रवासखर्चाला ३ मिळायचे, ते २०२५ च्या बदलात गेलं. म्हणजे ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटकडून तिकीट घेतलंत, तर आता डॉलरला १ च पॉइंट. चार जणांची तिकिटं मिळून ६००० डॉलर धरा. थेट घेतली तर २४,००० पॉइंट, एजंटकडून ६,०००. फरक १८,००० पॉइंटांचा, पॉइंटाला एक सेंट धरला तर १८० डॉलरचा. माणशी ४५ डॉलर. एजंट माणशी ४५ पेक्षा जास्त स्वस्त देत असेल तर बिनधास्त एजंटकडे जा, पण तो कार्डावर ३ टक्के जादा लावतो का ते विचारा. ६००० चे ३ टक्के १८० च होतात.

लाउंजचंही सांगतो, कारण हा प्रश्न येणारच. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर टर्मिनल ४ मध्ये चेसचं स्वतःचं लाउंज आहे. कार्डधारक आपल्याबरोबर दोघांना नेऊ शकतो. कुटुंब चौघांचं असेल तर एक जण उरतो. घरच्या कार्डावर नवऱ्याला किंवा बायकोला जोडकार्ड काढून दिलं की सुटतं, त्याचे वर्षाला १९५ डॉलर. धंद्याच्या कार्डावर कर्मचाऱ्यांची कार्डं फुकट आहेत. फुकट कार्ड म्हणजे लाउंजचा पास, असं गृहीत धरून कोणाला विमानतळावर पाठवू नका.

आता पॉइंटांवर कर लागतो का? हा प्रश्न धंदेवाले सगळ्यात जास्त विचारतात आणि याचं उत्तर देताना अमेरिकेच्या टॅक्स कोर्टात २०२१ मध्ये निकाल लागलेला एक खटला सांगावाच लागतो. एक जोडपं होतं. त्यांच्याकडे अमेरिकन एक्सप्रेसचं असं कार्ड होतं, की वर्षात पहिले ६,५०० डॉलर खर्च झाले की किराणा आणि औषधांच्या दुकानांत ५ टक्के परत. दुकानात किराण्याबरोबर व्हिसाची गिफ्ट कार्डंही मिळतात. त्यांनी ती गिफ्ट कार्डं घेतली, त्यांतून मनीऑर्डर, म्हणजे आधी पैसे भरून घेतलेले चेकसारखे कागद, काढल्या, मनीऑर्डर बँकेत भरल्या आणि त्या पैशानं कार्डाचं बिल चुकवलं. मग पुन्हा गिफ्ट कार्डं. २०१३ मध्ये त्यांनी ३६,२०० डॉलर कमावले, २०१४ मध्ये २,७७,२७५. (सभागृहात हशा.) हसू नका, त्यांनी कोणालाही फसवलेलं नव्हतं आणि कोर्टानंही तसं म्हटलं नाही. प्रश्न एवढाच होता की हे उत्पन्न आहे का. आयकर खात्याचं आजवरचं धोरण असं, की खरेदीवर मिळणारा परतावा म्हणजे किमतीत सूट, तो उत्पन्नात येत नाही. कोर्टानं गिफ्ट कार्ड ही वस्तू मानली, म्हणून त्यांच्या खरेदीवरचा परतावा करमुक्त ठरला. पण मनीऑर्डर थेट कार्डावर घेतल्या आणि डेबिट कार्डांत पैसे भरले, तिथे वस्तूच नव्हती, म्हणून तेवढा परतावा उत्पन्नात धरला गेला.

आपण यातून घ्यायचं ते असं. खर्च करून मिळालेले पॉइंट म्हणजे सूट. पण सूट मिळाली म्हणजे खर्च तेवढा कमी झाला. कंपनीनं ५०० चं तिकीट काढलं आणि कार्डानं ३०० परत दिले, तर वजावट २०० चीच. पूर्ण ५०० खर्चात दाखवायचे आणि ३०० खिशात घालायचे, हे चालत नाही. माझ्याकडे येणाऱ्या हिशेबवह्यांत ही चूक फार दिसते. फीचंही असंच. कार्ड फक्त धंद्यासाठी असेल तर ७९५ ची वजावट मिळते, २४ टक्क्यांच्या टप्प्यात साधारण १९० डॉलरचा आयकर वाचतो. घरच्या कार्डाच्या फीचा धंद्यापुरता वाटा काढता येतो, पण तो सिद्ध करायला लागतो.

पंधरा मिनिटं उरल्याची खूण झाली, आणि घराचं की धंद्याचं हे अजून बोलायचंच आहे. भरभर सांगतो.

फरक खर्चाच्या प्रकारात आहे. घरच्या कार्डावर रेस्टॉरंटला ३ पॉइंट, धंद्याच्या कार्डावर १. धंद्याच्या कार्डावर सर्च इंजिन आणि सोशल मीडियावरच्या जाहिरातींना ३, घरच्या कार्डावर १. बाकी बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे १. जाहिरात एजन्सीमार्फत देत असाल तर बँकेकडे दुकानाच्या प्रकाराचा जो कोड जातो तो एजन्सीचा पडतो आणि ३ मिळत नाहीत. गूगलला किंवा मेटाला थेट पैसे गेले पाहिजेत. पण जाहिरातींना ३ पॉइंट हवेत म्हणून ७९५ भरू नका. त्याच बँकेचं इंक बिझनेस प्रिफर्ड ९५ डॉलरचं आहे. ते जाहिराती, प्रवास, कुरिअर, फोन आणि इंटरनेट यांवर मिळून वर्षाला १,५०,००० डॉलरपर्यंत ३ पॉइंट देतं. म्हणून इथल्या बहुतेकांना माझा सल्ला असा: प्रवास खरोखर भरपूर असेल तर घरी सफायर रिझर्व्ह, धंद्याला इंक प्रिफर्ड, आणि इंकचे पॉइंट रिझर्व्हच्या खात्यात हलवायचे. जाहिरातींचा खर्च महिन्याला साडेबारा हजारांच्या, म्हणजे वर्षाला इंकच्या दीड लाखाच्या मर्यादेच्या, पुढे असेल, शिवाय माणसंही लागत असतील, तरच रिझर्व्ह फॉर बिझनेस. घरच्या कार्डावर ७५,००० आणि धंद्याच्या कार्डावर १,२०,००० खर्च केला की आणखी सवलती उघडतात, त्यांच्या मागे लागून खर्च वाढवू नका.

धंद्याचा खर्च घरच्या कार्डावर टाकण्याचा तोटा क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतो. ३०,००० मर्यादेच्या कार्डावर २०,००० च्या जाहिराती उभ्या असतील तर स्कोअर खाली येतो, आणि नेमकं तेव्हाच घरकर्ज काढायचं असतं. चेसची धंद्याची कार्डं एरवी व्यक्तिगत रिपोर्टवर येत नाहीत. हप्ते थकले की येतात, कारण हमी तुमचीच असते.

उलट बाजू कायद्याची. व्याजदर वाढवण्याआधी ४५ दिवसांची नोटीस द्यायची, जादा भरलेली रक्कम जास्त व्याजाच्या शिलकीला आधी लावायची, हे २००९ च्या कार्ड कायद्याचं संरक्षण ग्राहकांच्या कार्डांना आहे, धंद्याच्या कार्डांना नाही. बिल दरमहा पूर्ण भरत असाल तर फारसं बिघडत नाही. शिल्लक ठेवणाऱ्यांनी दोन्ही कार्डं घेऊ नयेत.

ज्यांची एस-कॉर्प, म्हणजे नफ्यावरचा कर मालकानं भरायची छोटी कंपनी, आहे आणि खर्च घरच्या कार्डावर झालाय, त्यांनी कंपनीकडून परतफेड रीतसर घ्या: ६० दिवसांत हिशेब, जादा घेतलेले पैसे १२० दिवसांत परत. हॉटेलची पावती कितीही रकमेची असो, जपून ठेवा. प्रवासातल्या बाकी खर्चांना ७५ डॉलरपासून पुढे पावती लागते. पगारदारांनी धंद्याच्या कार्डाच्या वाटेला जाऊ नये. कंपनीनं न दिलेला खर्च त्यांना २०१८ पासून वजा करता येत नाही.

अर्ज भरताना एकट्याचा धंदा असेल तर धंद्याचं नाव म्हणून स्वतःचं कायदेशीर नाव आणि प्रकार सोल प्रोप्रायटर, म्हणजे एकटा मालक. एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, असेल तर नाव आयकर खात्यानं कंपनीचा कर क्रमांक कळवलेल्या सीपी ५७५ पत्रावर आहे तसंच. इथेच अर्ज अडकतात. उलाढाल खरी लिहा, छोटी असली तरी.

आणि शेवटचं, फार महत्त्वाचं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना व्हिसा काढणाऱ्या कंपनीखेरीज दुसरं काम करण्याची परवानगी नसते. बोनस पॉइंटांसाठी अर्जावर ‘माझा जोडधंदा आहे’ असं लिहिणं म्हणजे आपल्याच सहीनं आपल्याविरुद्ध कागद तयार करणं. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असून कामाचा परवाना हातात असेल तर स्वतःचा धंदा चालतो, मग कार्डाचा अर्जही त्यांच्याच नावानं करा. या मुद्द्यावर ज्यांना विचारायचं आहे त्यांनी सगळ्यांसमोर विचारू नका, चहाच्या वेळी मी दाराशीच उभा आहे.