परदेशी पैसा आणि वऱ्हाडातला माल

(वरूड परिसरातील शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि बचत गटांतील महिला यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, ज्याला आपण 'जागतिक बँकेची मदत' म्हणतो, ती बहुतेक वेळा कर्ज असते, हे आधी ध्यानात घ्या. शेतमालाला बाजाराशी जोडणाऱ्या राज्य सरकारच्या 'स्मार्ट' प्रकल्पासाठी जागतिक बँकेचे २१ कोटी डॉलर आहेत. फळं-भाज्यांच्या साखळीसाठी असलेल्या राज्याच्याच 'मॅग्नेट' प्रकल्पासाठी आशियाई विकास बँकेबरोबर २०२१ मध्ये १० कोटी डॉलरचा करार झाला, त्यात आपला संत्रा आणि मोसंबीही आहे. हे पैसे सरकार व्याजासह फेडणार, म्हणजे तुम्हीआम्हीच फेडणार. तुमच्या कंपनीपर्यंत येताना त्याचं अनुदान होतं, आणि अनुदान म्हटलं की आपण फारसं विचारत नाही. विचारलं पाहिजे. प्रकल्पाची मुदत संपल्यावर गावात काय उरणार, हे पहिल्याच दिवशी विचारलं पाहिजे.

खरीखुरी परदेशी देणगी कशी वापरावी याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच देशात आहे. १९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' सुरू झालं. युरोपात तेव्हा दूध भुकटी आणि लोण्याचे साठे तुंबले होते. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत पहिल्या टप्प्यात १,२६,००० टन भुकटी आणि ४२,००० टन बटर ऑइल भारताला फुकट देण्याचं ठरलं. ते तसंच शहरांत फुकट वाटलं असतं, तर आपल्या गवळ्याच्या दुधाला कोणी विचारलं नसतं. एवढी देणगी देशातला दूधधंदा बुडवू शकली असती. डॉ. वर्गीस कुरियन यांनी तिचं दूध करून बाजारभावाने विकलं आणि आलेला पैसा गावातल्या दूध संस्था, शीतकरण केंद्रं आणि शहरांतल्या डेअऱ्या उभारण्यात घातला. भुकटी संपली, पण संकलनाची साखळी राहिली. आज सकाळी घातलेल्या दुधाचं फॅट तिथल्या तिथे मोजलं जातं, हिशेब वहीत चढतो आणि पैसे ठरलेल्या दिवशी मिळतात. ही खात्री असली की बाई दुसरी म्हैस घ्यायचं धाडस करते.

विदर्भात ही साखळी विरळच राहिली. २००६ मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं तेव्हा सहा जिल्ह्यांत अनुदानावर गाई वाटल्या. त्या गाईला रोज हिरवा चारा आणि ढेप लागते, दूध घेणारा दारात लागतो. कोरडवाहू कापूसवाल्याकडे यातलं काहीच नव्हतं. अनेकांना ती गाय पोसवली नाही. तो पैसा परदेशातला नव्हता, पण क्रम उलटा होता: जनावर आधी आणि बाजार नंतर. पुढे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने विदर्भ-मराठवाडा प्रकल्पात संकलनापासून सुरुवात केली, तो क्रम बरोबर होता.

आता संत्र्याकडे येतो, कारण इथे बसलेल्या निम्म्या लोकांचा जीव त्यात आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण सौदा कसा होतो? झाडावर फळ असतानाच व्यापारी येतो, बगीच्यात फिरतो, उक्ता भाव सांगतो, इसार देतो. वजन नाही, प्रतवारी नाही. तोड्याच्या वेळी भाव पडला की चुरी, म्हणजे बारीक, कमी प्रतीचं फळ, म्हणून माल मागे टाकतो. आपण त्याला शिव्या देतो, पण त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी आपल्या कंपनीकडे नाही: ऐन वेळी हातात देण्याइतका रोख पैसा. लेकीच्या लग्नाला, औषधाला, मजुरीला तोच पैसे देतो.

प्रकल्पातून काय येतं? पॅकहाउस, प्रतवारीचं यंत्र, मेणाच्या लेपाची लाइन, शीतगृह. हे सगळं लागतं, त्याला माझा विरोध नाही. पण शेतकऱ्याचा माल तोडल्यावर आठ दिवसांत पैसे द्यायला खेळतं भांडवल नसेल, तर तो पुन्हा व्यापाऱ्याकडेच जाईल आणि यंत्र बंद राहील. स्मार्टमध्ये ६० टक्के अनुदान मिळतं. उरलेले ४० टक्के उभे करतानाच कंपनी दमून जाते, मग माल घ्यायला काय उरतं? त्यात परदेशातला बाजारही मुख्यतः एकाच दारावर, बांगलादेशावर, अवलंबून. त्यांनी २०१९ नंतर संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं, २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ रुपयांपर्यंत गेलं, आणि त्याचा मार थेट वरूड-मोर्शीच्या बगीच्यापर्यंत पोचला. त्याला तुमच्या पॅकहाउसची भिंत काय करणार? देशातली दूरची गिऱ्हाइकं शोधणं, चुरीचा रस काढणाऱ्याशी हंगामाआधी करार करणं, यासाठी माणूस नेमावा लागतो. माणसाच्या पगाराला प्रकल्पात फार थोडी जागा असते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण साखळी माणसांनीच चालते.

शेळीबद्दल थोडंच बोलतो, पण बायांनी नीट ऐका. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचा पैसा आपल्याकडे 'तेजस्विनी' या महिलांसाठीच्या कार्यक्रमातून माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, बचत गटांपर्यंत आला. 'केम' या शेतीविकासाच्या प्रकल्पातही विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी त्याच निधीचं कर्ज होतं. शेळीधंद्याला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी मदत दोनच आहेत: वेळेवर पीपीआर या शेळ्यांच्या जीवघेण्या साथरोगाची लस आणि वजनकाटा. आठवडी बाजारात बोकड डोळ्याने जोखून विकला जातो, आणि तो डोळा घेणाऱ्याचा असतो. गटाकडे काटा असला की बाई किलोने भाव मागते. गावातली पशुसखी, म्हणजे जनावरांच्या आरोग्याकडे बघणारी प्रशिक्षित बाई, लसीच्या तारखा सांभाळते. तिला दर शेळीमागे थोडे पैसे गटानेच द्यावेत, म्हणजे प्रकल्प गेल्यावरही ती थांबणार नाही.

पुढच्या महिन्यात तुमचे व्यवसाय आराखडे जाणार आहेत. इमारतीच्या खर्चाआधी दोन ओळी लिहा: तोडा झाल्यावर किती दिवसांत पैसे देणार, आणि ते पैसे कुठून आणणार. छापील नमुन्यात जागा नसेल तर वेगळा कागद जोडा, पण त्याशिवाय सही करू नका. शेळी गटांनी काट्याची मागणी आजच लिहून द्यावी. आता प्रश्न विचारा. मागच्या ताईंचा हात केव्हाचा वर आहे, आधी त्या.