रस्ता मोजताना माणूस मोजा

नमस्कार मंडळी. विषय दिलाय 'रस्ते दुरुस्तीचं नियोजन आणि त्यातले सामाजिक-आर्थिक घटक'. मी शाखा अभियंता होतो, सगळी नोकरी खडी-डांबरात गेली, त्यामुळं बोलणार ते रस्त्यावर उभं राहूनच.

आधी एक अनुभव सांगतो, जरा लांबेल. शाहूवाडीच्या डोंगराकडचं एक गाव. मेन रोडवरनं आत जाणारा एकच रस्ता, दुसरी वाट नाही. त्या रस्त्यावरची वाहनं मोजायला आम्हाला बसवलं, सात दिवस, चोवीस तास, आळीपाळीनं. महिना कुठला, तर मे! ऊस कधीच गेलेला, शाळा-कॉलेजं बंद, म्हणजे रस्ता सगळ्यात रिकामा असतो तेव्हाच मोजायचा.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला बायका दूध घालायला डेअरीकडं निघाल्या. एकीच्या हातात किटली, कडेवर पोर, उखडलेली खडी पायाला लागू नये म्हणून साईडपट्टीवरनं चाललेली. मी पेन उघडलं आणि तक्ता बघितला, तर तिच्यासाठी रकानाच नाही. मोटारीला १, ट्रकला ३, एसटीला ३, ट्रॅक्टर-ट्रॉलीला साडेचार, सायकलला अर्धा, बैलगाडीला ८. चालणाऱ्या माणसाला काहीच नाही.

आता हे आकडे चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. कुठलं वाहन रस्त्यावर किती जागा अडवतं हे कळायला ते केलेत, रस्ता किती रुंद पाहिजे हे त्यावरनं ठरतं. पण दुरुस्तीचा पैसा आधी कुठल्या रस्त्याला, हेही आपण त्याच आकड्यांवर ठरवायला लागलो ना, की साठ माणसं भरलेली एसटी आणि रिकामा ट्रक एकाच तोलाचे होतात. माझं भांडण एवढ्याचसाठी आहे.

मी मागच्या कोऱ्या पानावर चालणाऱ्यांची वेगळी नोंद ठेवली. ऑफिसात ते पान काढून टाकलं, रकान्यात नाही ते लिहू नका म्हणाले. दुरुस्तीच्या यादीत रस्ता खाली गेला. पुढं दोन पावसाळ्यांत रस्त्याखालनं पाणी जाणारी मोरी तुंबली, पाणी रस्त्यावरनं वाहायला लागलं, एका वळणाची कड खचली आणि एसटीची फेरी बंद झाली. बारावीपर्यंतच्या मुलींना पास फुकट आहे हो, पण गाडीच येत नाही तर पास घेऊन करायचं काय? दुधाचा टेम्पो फाट्यावरच थांबायला लागला, दूध उशिरा पोचायचं, नासलं म्हणून परत यायचं. फाट्यावर एका बाईनं भरलेली किटली गटारीत ओतली ती मी डोळ्यांनी बघितलीय. आणि पुढच्या मोजणीत काय झालं, वाहनं आणखी कमी! वाहतूक कमी म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून वाहतूक कमी.

माझी आई माणदेशातली. बहात्तरच्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली, हाताला घट्टे शेवटपर्यंत होते. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातनंच पुढं १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला. ज्या बायकांनी रस्ते केले त्यांच्याच लेकी-सुना त्यावरनं चालतात आणि मोजणीत त्या नाहीत, हे मला अजून सहन होत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत म्हणे. मग मुद्द्याचं भरभर सांगतो.

झीज कोण करतं ते बघा. अमेरिकेत इलिनॉयला १९५८ ते १९६० मध्ये रस्त्यांची मोठी चाचणी झाली, त्यातनं कळलं की एक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या आसावरचं, वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज ढोबळमानानं सोळापट होते. म्हणजे मोटारसायकलनं रस्त्याला काही होत नाही, खचाखच भरलेल्या उसाच्या ट्रॉल्यांनी होतं, त्यात गळीत हंगाम पावसाळा सरता सरता सुरू होतो, पोटातला मुरूम अजून ओला असतो. ऊस आपलाच आहे, मान्य. तरी त्या रस्त्यांचा खर्च उसाच्या धंद्यातनं काही तरी यावा, डोंगरातल्या गावाच्या वाट्यातनं जाऊ नये.

दुसरं, ज्या गावाला एकच रस्ता त्याला आधी नंबर. तो वर्षात किती दिवस बंद राहिला, एसटी किती दिवस आली नाही, हे मोजणीत धरा.

तिसरं, गटार आणि मोरी. डांबराचा खरा शत्रू पाणी. पूर्वी मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारे मजूर, फावडं घेऊन गटार मोकळं ठेवायचे, आता त्या जागाच भरत नाहीत आणि पावसाळा संपला की खड्ड्यांवर पैसा जातो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला पहिली पाच वर्षं ठेकेदाराची जबाबदारी असते, तारखा बोर्डावर लिहिलेल्या असतात, बोर्ड वाचा, मुदत संपायच्या आत तक्रार लेखी द्या.

बाहेर टेबलावर एक तक्ता ठेवलाय, त्यात पायी चालणाऱ्यांचा, शाळेच्या पोरांचा आणि दुधाच्या किटल्यांचा रकाना आहे. मोजणी दोनदा करा, एकदा मे मध्ये आणि एकदा उसाच्या भरात. ग्रामसभेत वाचून ठरावाला जोडा. आणि मोऱ्या पंधरा मेच्या आत बघून घ्या, हाताला लागेल तेवढा गाळ तरी काढा.