पाळणाघर बघायचं ते दुपारी साडेबाराला

नमस्कार, श्रोतेहो. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बऱ्याच आया पाळणाघर बघायला जातात त्या संध्याकाळी, काम सुटल्यावर. तेव्हा फरशी पुसलेली असते, खेळणी मांडलेली असतात. पण जायला हवं दुपारी साडेबाराला. कुणी जेवतंय, कुणी पेंगतंय, कुणाची शी झालीय, सगळं एकदम. हात पुरे पडतात की नाही, ते त्या अर्ध्या तासात दिसतं.

हिशेब करून बघा. तान्ही बाळं 6. प्रत्येकाचा लंगोट दिवसातून 4 वेळा बदलायचा, हात धुण्यासकट 5 मिनिटं धरा. झाले 2 तास. तेवढा वेळ सांभाळणाऱ्या ताईंची पाठ बाकीच्या मुलांकडे. म्हणून सहा तान्ह्यांना ताई आणि मावशी अशा दोघी हव्यातच. भिंतीवरची चित्रं नसली तरी चालतील.

लंगोट बदलताना नीट बघा. जागा ओट्यापासून लांब हवी, खालचं रबरी कापड दरवेळी पुसायला हवं, आणि ताईंचे हात साबणानं धुतले गेले पाहिजेत, बाळाचेही. मग हात पुसायला काय घेतात? घात होतो तो इथंच. जुलैत आपल्याकडं पंचा दोन-दोन दिवस वाळत नाही, मग एकाच ओल्या पंच्याला सगळ्यांचे हात पुसले जातात आणि एकाचे जुलाब आठवड्यात सगळ्यांना होतात. प्रत्येक मुलाचे तीन पंचे ठेवा, कोपऱ्यावर रंगीत दोऱ्याची खूण करा आणि पंख्याखाली दोरी बांधा. खर्च फार नाही.

वर्षाखालचं बाळ पाठीवरच झोपवावं, तोंडाशी उशी-गोधडी नको. बाटलीतलं उरलेलं दूध परत पाजू नये, ओतून टाकावं. भडंगातला शेंगदाणा, फुटाणे चार वर्षांपर्यंत देऊच नका, श्वासनलिकेत अडकतात. दाण्याचं बारीक कूट भातावर चालतं. न्हाणीतल्या बादल्या पालथ्या हव्यात. रांगत्या मुलाचं डोकं जड, ते डोक्यावर आत पडलं की स्वतःहून वर येत नाही, वीतभर पाणीसुद्धा जिवावर बेतू शकतं.

आणि ज्या कारखान्यात 50 किंवा जास्त कामगार आहेत, तिथं पाळणाघराची सोय करणं 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यानं मालकावर बंधनकारक झालं, आणि आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते बंधनकारक आहे. आईला दिवसातून 4 वेळा बाळाकडं जाता येतं, जेवणाची सुट्टी त्यातच धरून. त्यातली एक वेळ साडेबाराची ठेवा.