बालाघाटातला तांबडा विंचू

मे महिना. बीडकडचा बालाघाट दुपारी नुसता भाजून निघतो. पण बांधावरचा एखादा पसरट दगड उलथून बघा, खाली थोडीशी ओल सापडते. त्या ओलीला धरूनच हा बसलेला असतो: तांबडा विंचू. शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस. याचे भाऊबंद पार आफ्रिकेतल्या रखरखीत डोंगरपट्ट्यांतही राहतात.

जरा जवळून पाहू. लांबी 5 ते 9 सेंटिमीटर. पुढचे चिमटे सडपातळ, शेपूट मात्र भरदार. लोक घाबरतात ते काळ्याभोर, जाडजूड चिमट्यांच्या इंगळीला. खरा धोका या तांबड्याचा. इंगळी भक्ष्य चिमट्यातच चिरडते. याचे चिमटे नाजूक, म्हणून याची सगळी भिस्त विषावर.

ही मादी. अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. तांदळाच्या दाण्यांसारखी पांढरी पिल्लं आईच्या पाठीवर दाटीवाटीनं बसलीत. पहिली कात टाकेपर्यंत ती खाली उतरत नाहीत. रात्री अतिनील टॉर्च मारला, की आईचं सगळं अंग हिरवट-निळं चमकतं. पाहत राहावं असं रूप आहे.

आपली न् त्याची गाठ पडते ती कामाच्या घाईत. धसकटं वेचताना, तुराट्यांचा भारा उचलताना, सरपणात हात घालताना. ठणका तर उठतोच. पण दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय दिसले की समजावं, विष हृदयापर्यंत भिडलंय. पुढे फुप्फुसात पाणी भरतं. लहान लेकरांना धोका सगळ्यात जास्त. अशा वेळी मंत्र-उताऱ्यात गेलेला एकेक तास जिवावर बेततो.

यावरचा इलाज शोधणारा माणूस मराठवाड्याचाच. डॉ. हिंमतराव बावस्कर, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. कोकणात महाडजवळ नोकरी करताना विंचूदंशानं दगावणारी माणसं त्यांनी रोज पाहिली, रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी इथं कामी येते, हे त्यांनी दाखवलं. 1986 साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधीच, 2011 मध्ये, या गोळीला प्रतिविषाची जोड दिल्यावर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हेही त्यांनीच सिद्ध केलं.