खटका पाहा, मग कमान

नमस्कार, श्रोतेहो. बंदुकीसारख्या लाकडी दस्त्यावर आडवी कमान बसवली की झाला क्रॉसबो. असा एखादा जुना, वेगळाच नमुना समोर आला की डोळे आधी कमानीवर आणि नक्षीवर जातात. मला मात्र आग्रहानं सांगावंसं वाटतं, खटका पाहा. दोरी कुजते, कमान मोडते आणि बदलली जाते. हाडाशिंगाची नक्षी तर एकोणिसाव्या शतकातही जुन्या धाटणीत करत असत. पण ताणलेली दोरी कशात अडकते आणि कशी सुटते, यावरून त्या हत्याराचं घराणं कळतं.

दोरी हरणाच्या शिंगातून घडवलेल्या गोल फिरकीत अडकत असेल, तर युरोपाकडे वळा. फिरकीमागे दस्त्यातून आरपार गेलेली लोखंडी खुंटी दिसली, तर दोरी हातानं नव्हे, तरफेनं किंवा दातेरी चक्राच्या यंत्रानं ओढली जायची. कमान पोलादी असेल, तर बहुधा पंधरावं शतक किंवा त्यानंतरचा काळ. त्याआधी शिंग आणि स्नायूंचे तंतू चिकटवून कमानी करत, आणि पोलाद आल्यावरही त्या लगेच थांबल्या नाहीत. म्हणून एकट्या कमानीवरून शतक ठरवू नये.

आता मला सर्वात भुरळ घालणारा नमुना. लांबलचक दस्ता, तो लांबीत दुभंगलेला, खालच्या फाळीवर एक छोटी खुंटी. दोरी वरच्या खाचेत बसते. दोन्ही फाळ्या जवळ दाबल्या की खुंटी वर येते आणि दोरीला खाचेबाहेर ढकलते. हा मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉनकडच्या फांग लोकांचा क्रॉसबो. बाण बारीक काड्यांसारखे, पण विषारी, त्यामुळे जबर ताणाची गरजच नाही. अशाच दुभंगलेल्या दस्त्याचे क्रॉसबो नॉर्वेत होते! ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाचे हेन्री बॅल्फर यांनी १९०९ मध्ये या साम्यावर लिहिलं आणि ही रचना युरोपीय दर्यावर्दींबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली असावी, असं मांडलं. म्हणजे रचना मध्ययुगीन, पण हातातला नमुना कदाचित सव्वाशे-दीडशे वर्षांचाच. चीनमधला, डोक्यावर बाणांची पेटी असलेला क्रॉसबोही असाच फसवतो. १८९४-९५ च्या जपानशी झालेल्या युद्धातही तो वापरात होता.

एक कळकळीची विनंती. जुनी कमान ताणून पाहू नका. पोलादातली चीर वरून दिसत नाही, आणि ती फुटली तर तुकडे थेट तोंडावर येतात. खाचेच्या कडा दोरीनं किती झिजल्यात, ते भिंगातून पाहा. वापराचा पुरावा तिथंच असतो.