काठी, पेन्सिल आणि चार पंखे

माझ्या तळहातावर ही चार फुटी काठी उभी आहे. हात जरा पुढेमागे करावा लागतो, पण राहते. बोलता बोलताही जमतं. आता ही पेन्सिल. पडली. पुन्हा पडली. हात तोच, डोळे तेच. काठी कलायला वेळ घेते, पेन्सिल घेत नाही. कल डोळ्यांना दिसून हात हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात आणि तेवढ्यात पेन्सिलीचा कारभार आटोपलेला असतो.

छोट्या ड्रोनचं दुखणं पेन्सिलीचं आहे. यंत्राची लांबी, रुंदी, उंची निम्मी केली की वजन आठव्या हिश्शावर येतं, पण त्याला गिरकी द्यायला होणारा विरोध थेट बत्तिसाव्या हिश्शावर. म्हणून छोटं यंत्र झटकन कलतं आणि झटकन उलटतं. काहींना वाटतं, बॅटरी खाली लटकवली की ड्रोन लंबकासारखं आपोआप सरळ राहील. नाही राहत. पंख्यांचा जोर यंत्राबरोबरच कलतो, त्यामुळे सरळ करणारा पीळ तयारच होत नाही. ते काम कुणीतरी सतत करावं लागतं.

क्वाडकॉप्टरचे, म्हणजे चार पंख्यांच्या ड्रोनचे, दोन पंखे घड्याळाच्या दिशेनं फिरतात, दोन उलट. चारही वाढवले की वर. डावे वाढवले की उजवीकडे कल, आणि कललं की उजवीकडे सरकणं. नाक वळवायचं तर एका दिशेनं फिरणारी जोडी जोरात, दुसरी हळू. हवेच्या विरोधातून उरलेला पीळ यंत्राला वळवतो. हा पीळ अशक्त असतो. म्हणून मोटरींची ताकद अपुरी पडू लागली की चांगला कंट्रोलर, म्हणजे मोटरींना हुकूम देणारा छोटा संगणक, आधी वळण सोडून देतो आणि कल सांभाळतो. नाक भलतीकडे गेलं तर चालतं, उलटं झालं तर नाही.

हालचाली सहा (तीन सरकण्याच्या, तीन वळण्याच्या), मोटरी चार. त्यामुळे हुकूम थराथरानं उतरतो. जागा राखणारा लूप, म्हणजे मोजा-सावरा-पुन्हा मोजा असं चालणारं चक्र, म्हणतो, दोन मीटर डावीकडे चला. त्यावरून वेग ठरतो, वेगावरून कल, कलावरून गिरकीचा वेग, आणि शेवटी मोटरी. आतला थर बाहेरच्यापेक्षा चपळ हवाच. बाहेरचा सेकंदाला ५० वेळा चालला तरी भागतं. सगळ्यात आतला बऱ्याच यंत्रांत हजार किंवा त्याहून जास्त वेळा चालतो. तुम्ही पेन्सिलीकडे बघून दचकेपर्यंत त्यानं दोनशे वेळा सावरलेलं असतं.

१९२२ साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. जॉर्ज द बोथेझाट यांचं चार रोटरांचं अवजड हेलिकॉप्टर डिसेंबरात जमिनीवरून उठलं. चालकाच्या हातापायांना ते सांभाळणं फार जड जाई आणि पुढे लष्करानं तो नाद सोडला. त्याच वर्षी निकोलस मिनोर्स्की यांनी जहाज आपोआप सरळ ठेवण्यावर लेख लिहिला. सुकाणू धरणारा मुरलेला खलाशी आत्ताची चूक तर बघतोच, ती किती वेळ साचली आहे आणि किती वेगानं बदलते आहे हेही बघतो, असं त्यांनी हेरलं. आज आपण ज्याला पीआयडी म्हणतो ते हेच: पी आत्ताची चूक बघतो, आय साचलेली, डी बदलाचा वेग. दोघेही रशियातून आलेले. चार रोटर आणि त्यांना लागणारं गणित एकाच वर्षी एकाच देशात होतं; मध्ये ते गणित सेकंदाला शेकडो वेळा सोडवणारी चिप तेवढी नव्हती.

यातला डी, म्हणजे बदलाचा वेग पाहणारा भाग, सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात खोडकर. जायरोत, म्हणजे गिरकीचा वेग मोजणाऱ्या सेन्सरमध्ये, मोटरींचा कंप मिसळला की डी त्या कंपालाच खरी हालचाल समजतो आणि मोटरी तापतात. मग आपण फिल्टर, म्हणजे गणिती चाळणी, लावतो. फिल्टर कंप गाळतो, पण माहिती शिळी करतो.

माझ्या एका ड्रोनच्या पात्याचं टोक नखाएवढं उडालेलं होतं. मी पातं तसंच ठेवलं आणि फिल्टर कडक केला. जायरोचा आलेख इतका गुळगुळीत झाला की मी स्वतःवर खूश. वर नेलं, तर यंत्र थंडी भरल्यासारखं थरथरू लागलं. डावीकडचा कल सावरायचा हुकूम मोटरींपर्यंत पोचावा, तोवर ते उजवीकडे निघालेलं. तेव्हा दोष गेनचाच, म्हणजे दुरुस्तीच्या जोराचाच, असं समजून मी डी वाढवला, थरथर वाढली. शेवटी मुकाट्यानं पातं बदललं, फिल्टर आणि डी पूर्ववत केले आणि ते शांत उभं राहिलं. ट्यूनिंगला बसण्याआधी पाती बघा. मी अजूनही विसरतो.

आयची खोडी वेगळी. उतरत्या जमिनीवर यंत्र ठेवून मोटरी सुरू केल्या की कल दुरुस्त होत नाही आणि आय मात्र तक्रार साचवत बसतो. उड्डाण घेताच सगळी थकबाकी एकदम वसूल होते आणि यंत्र कलंडतं. म्हणून उड्डाणापूर्वी आय अडवून धरतात.

एलक्यूआर (सर्वोत्तम गेन गणितानं काढायची पद्धत), मॉडेलवर आधारित भाकितं करणारे कंट्रोलर, शिकणारी न्यूरल जाळी यांबद्दल तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे. २०२३ मध्ये झुरिक विद्यापीठाच्या ‘स्विफ्ट’ या प्रणालीनं ड्रोन शर्यतीत तीन अव्वल चालकांना मात दिली. तिचं जाळं एकूण जोर किती आणि गिरकी किती वेगानं, एवढंच सांगत होतं. ती गिरकी मोटरींकडून काढून घ्यायला खाली मिनोर्स्कींच्या घराण्यातला साधा लूप बसला होता.