मंदिरापासून सात चौक पूर्वेला

[दृश्य: सॉल्ट लेक सिटी, रविवारची सकाळ. रुंद, ओस रस्ते. मागे वासॅचची डोंगररांग.]

अमेरिकेतल्या युटा राज्याची ही राजधानी. इथे पत्ते मंदिरापासून मोजतात. '700 पूर्व, 300 दक्षिण' म्हणजे मॉर्मन मंदिराच्या चौकापासून सात चौक पूर्वेला आणि तीन दक्षिणेला. ज्यांनी हा धर्म कधीच सोडला, त्यांच्याही दारावर मंदिर किती लांब आहे ते लिहिलेलंच असतं.

1830 साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने ख्रिस्ती परंपरेतला हा मॉर्मन पंथ स्थापन केला. 1844 मध्ये जमावाने त्याला ठार मारलं. 1847 मध्ये ब्रिगॅम यंग आपल्या अनुयायांना घेऊन या खोऱ्यात उतरला. आज चर्च आपली सदस्यसंख्या 1 कोटी 70 लाखांहून अधिक सांगतं. आठव्या वर्षी बाप्तिस्मा झाला आणि मग वर्षानुवर्षं चर्चची पायरीही चढली नाही, असे लोकही त्यात धरलेले असतात. नाव काढायचं तर तसं लेखी कळवावं लागतं.

[दृश्य: पुस्तकांचं कपाट. संगणकाच्या पडद्यावर सरकणारा मजकूर.]

लोक का सोडतात? 'दारू प्यायची होती म्हणून' हे उत्तर आत राहिलेल्यांना सोयीचं वाटतं. पण सोडणाऱ्यांशी बोललं तर बरेचदा उलटंच ऐकू येतं. ते फार मन लावून वाचायला बसले होते. 2014 मध्ये चर्चने स्वतःच्याच संकेतस्थळावर मान्य केलं की जोसेफ स्मिथच्या बायका बहुधा तीस ते चाळीस होत्या आणि त्यांतली एक पंधराचीही झालेली नव्हती. लहानपणापासून फक्त एमा या एकाच पत्नीची गोष्ट ऐकलेल्या माणसाने हे वाचलं, तर त्याला पहिला राग त्या बायकांच्या संख्येचा येत नाही. हे मला आजवर कुणी का सांगितलं नाही, याचा येतो.

शंका आली की ती फळीवर ठेवून द्यायची, असं या समाजात म्हणतात. बाहेर पडलेल्यांच्या तोंडी म्हणूनच एक वाक्य हटकून येतं: माझी फळी मोडली.

अनेकांची मोडली ती 2015 च्या नोव्हेंबरात. समलिंगी विवाह करणारे धर्मद्रोही, आणि अशा जोडप्यांच्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत बाप्तिस्मा नाही, असा नियम आला. सॉल्ट लेक सिटीत सदस्यत्वाच्या राजीनाम्यावर सही करायला लोकांच्या रांगा लागल्या. पुढच्या जानेवारीत चर्चचे एक वरिष्ठ नेते रसेल नेल्सन यांनी या नियमामागे ईश्वरी प्रकटीकरण असल्याचं सांगितलं. 2019 च्या एप्रिलमध्ये, ते स्वतः चर्चचे अध्यक्ष असताना, तो मागे घेतला गेला.

[दृश्य: कॉफीच्या दुकानातला काउंटर.]

सोडल्यानंतरचे पहिले महिने बरेच जण हसत हसत सांगतात. 1833 च्या एका प्रकटीकरणाच्या आधारे इथे दारू, तंबाखू, कॉफी वर्ज्य. आणि चहासुद्धा! (कोला चालतो; त्यामुळे युटात सोड्याची दुकानं जोरात.) मग चाळिशीतला माणूस आयुष्यात पहिल्यांदा कॉफीच्या काउंटरपुढे उभा राहतो, आणि लाटे म्हणजे काय नि एस्प्रेसो म्हणजे काय हे त्याला मागच्या रांगेतल्या पोराला विचारावं लागतं. मंदिरातला दीक्षाविधी झालेले लोक कपड्यांच्या आत एक खास वस्त्र घालतात, पारंपरिक रूपात दंड आणि गुडघे झाकणारं, दिवसा आणि रात्रीही. ते उतरवल्यावर साधी चड्डी-बनियन विकत घेणं हीसुद्धा निवड होऊन बसते. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला जायचा, तो आता घरातच राहतो. रविवार सबंध मोकळा. मोकळ्या रविवारचं काय करायचं, हे मात्र अनेकांना बराच काळ सुचत नाही.

कारण चर्च म्हणजे केवळ प्रार्थना नव्हती. मोहल्ल्यातल्या मॉर्मन कुटुंबांचा मिळून एक 'वॉर्ड'. त्याचा बिशपही बिनपगारी, कुणी दंतवैद्य, कुणी हिशेबनीस. घर बदलायचं असलं की वॉर्डातली दहा माणसं सामान उचलायला हजर. बाळंतपण झालं, कुणी वारलं, की बटाटे, चीज आणि वरून मक्याच्या पोह्यांचा चुरा घालून भाजलेली परात दारात येते. सोडणाऱ्याला इथे वाळीत टाकत नाही कोणी. तसा नियम नाही. फक्त त्या घराकडे बघायची नजर बदलते. येणारी शेजारीण आता काळजीपोटी येते, आणि काळजी नेमकी कशाची ते दोघींनाही ठाऊक असतं.

[दृश्य: मंदिराबाहेरची हिरवळ. नटूनथटून उभी असलेली मंडळी.]

सर्वांत जास्त दुखतं ते लग्नात. हे मंदिर म्हणजे घंटा वाजवून आत जावं असं देऊळ नव्हे. आत जायला परवाना लागतो. तो मुलाखतीनंतर मिळतो, आणि त्या मुलाखतीत दशमांश भरता का, हेही विचारतात. परवाना नसेल तर पोटच्या मुलीचं लग्न आत लागत असताना आईबाप बाहेर थांबतात. आधी सगळ्यांसमोर नोंदणी लग्न करावं म्हटलं, तर अमेरिकेत मंदिरविधीसाठी त्यानंतर वर्षभर थांबायची अट होती. ती 2019 मध्ये उठली. ज्यांनी त्याआधीची लग्नं दाराबाहेर काढली, त्यांना ती सुधारणा कौतुकाने सांगू नये, असं मला वाटतं.

आणि एकाने सोडलं, दुसऱ्याने नाही, तर? मंदिरातलं लग्न या जन्मापुरतं नसतं, ते अनंतकाळासाठी बांधलेलं असतं. सर्वोच्च स्वर्ग जोडप्यालाच मिळतो. नवरा म्हणतो, 'माझा फक्त विश्वास उडालाय, तुझ्यावरचं प्रेम नाही.' बायकोला ऐकू येतं की मेल्यानंतर हा माझ्यासोबत नसणार. दोघंही खरं बोलत असतात. मग मूल आठ वर्षांचं होतं. बाप्तिस्मा बहुधा बापच देतो, पांढरे कपडे घालून, पाण्यात उतरून. धर्म सोडलेला बाप त्या दिवशी खुर्चीवर बसतो, आणि पाण्यात मामा किंवा आजोबा उतरतात. काही घरं यात मोडतात. काही टिकतात: रविवारी ती मुलांना घेऊन चर्चला, तो डोंगरावर, आणि दुपारचं जेवण एकत्र.

[दृश्य: प्रोव्हो शहर, विद्यापीठाचं आवार.]

विशीतल्यांची अडचण वेगळीच. प्रोव्होच्या, चर्चच्याच ब्रिगॅम यंग विद्यापीठात इतर धर्मांची मुलं शिकू शकतात. पण मॉर्मन म्हणून दाखल होऊन मध्येच धर्म सोडणाऱ्याला दरवर्षी लागणारं धार्मिक शिफारसपत्र मिळत नाही, आणि जागा जाते. म्हणून पदवी हातात पडेपर्यंत विश्वास असल्यासारखं वागणारे विद्यार्थी इथे आहेत.

प्यू या संस्थेच्या पाहणीत, मॉर्मन घरात वाढून मॉर्मनच राहिलेल्यांचं प्रमाण 2007 मध्ये 70 टक्के होतं, 2014 मध्ये 64. पुढच्या पाहणीत ते आणखी उतरलं.

राजीनामा मंजूर झाला की बाप्तिस्मा रद्द, मंदिरात बांधलेलं नातंही रद्द. पण मॉर्मन मृतांचेही बाप्तिस्मे करतात. जिवंत सदस्य त्यांच्या वतीने पाण्यात उतरतो. म्हणजे धर्म सोडून गेलेल्या माणसाला त्याच्या पश्चात घरचे परत आत घेऊ शकतात. त्यासाठी चर्चच्या सर्वोच्च अध्यक्षमंडळाची परवानगी लागते. गेलेल्याची लागत नाही.